ती घरी येणं हे तुमचं ध्येय असू शकत नाही

पत्र :

ताई, नमस्कार. मी घणसोलीला राहतो. रबाळे एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला सुपरवायझर आहे. लग्नाला बारा वर्षं झाली, मुलगी चौथीत आहे. गणपतीच्या आधी घरात मोठं भांडण झालं. त्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं होतं, डोकं तापलेलंच होतं, त्यात दोन पेग झाले होते. मी बायकोला ढकललं, ती ओट्यावर आपटली, कपाळाला टाके पडले. त्याआधीही चार-पाच वेळा हात उचलला असेल, नाही म्हणत नाही. पण तीही उलट बोलायला कमी करत नाही. घरखर्चाला मी कधी हात आखडला नाही. तिला दगदग नको म्हणून नोकरी सोडायला लावली, तिचं एटीएमही मीच सांभाळायचो. आता ती मुलीला घेऊन कोपरीला भावाकडे आहे. ठाणे कोर्टात केस टाकली, मी भेटायचं नाही, फोन करायचा नाही अशी ऑर्डर आहे. आई अधूनमधून फोन करून तिची समजूत घालते. कोर्टाने समुपदेशनाला पाठवलं. तिथल्या मॅडमनी वही दिली आणि स्वतःत काय बदल करायचे ते लिहून आणा म्हणाल्या. मी लिहिलं : राग कमी करणे, दारू बंद करणे, रोज सकाळी ध्यान करणे, बायकोला लवकरात लवकर घरी आणणे. त्यांनी वही परत दिली, पुन्हा लिहून आणा म्हणाल्या. माझी बाजू तर ऐकूनच घेत नाहीत. तीन महिन्यांत मला एकदाही राग आलेला नाही, दारूही बरीच कमी आहे. आई म्हणते, माणसाने आणखी काय करायचं? माझी ध्येयं चुकली कुठे? असं किती दिवस चालणार? ती तुमचं सदर वाचते. तुम्ही दोन शब्द सांगितलेत तर ऐकेल. ती आली नाही तर माझं काही खरं नाही, एवढं तिला कळू दे.

— एक वाचक, घणसोली

उत्तर :

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य आधी घेते, कारण ते थांबवून ठेवण्यासारखं नाही. ‘माझं काही खरं नाही’ याचा अर्थ जिवाचं बरंवाईट करून घ्यावंसं वाटतं असा असेल, तर पुढे वाचण्याआधी १४४१६ लावा. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही फोन घेतात, मराठीत बोलता येतं. आणि पुढच्या बैठकीची वाट न बघता समुपदेशक मॅडमना हे सांगा. तुमचा जीव मोलाचा आहे, हे मी मनापासून म्हणते.

पण तेच वाक्य तुम्हाला माझ्या हातून तिच्यापर्यंत पोचवायचं आहे, आणि तिथे त्याचं काम बदलतं. मदत मागायची ती डॉक्टरकडे, हेल्पलाइनवर, समुपदेशकाकडे, भावाकडे, मित्राकडे. जिच्या कपाळावर तुमच्यामुळे टाके पडले तिला ‘तू आली नाहीस तर माझं काही खरं नाही’ असं कळवायचं म्हणजे तिच्या डोक्यावर ओझं ठेवायचं. कितीतरी बायका अशाच एका निरोपावर बॅग भरून परत गेलेल्या मी पाहिल्या आहेत. प्रेम उफाळून आलं म्हणून त्या गेल्या नव्हत्या. याचं काही झालं तर लोक मला बोलतील, या धास्तीने गेल्या.

म्हणून मी तिला दोन शब्द सांगणार नाही. पत्रातल्या ओळखू येण्यासारख्या खुणाही बदलून छापल्या आहेत, म्हणजे हे पत्र कुणाचं ते तिला कळू नये.

आता त्या ऑर्डरबद्दल, कारण ती तुम्ही जरा हलकी धरली आहे असं वाटतं. घरगुती हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ सालचा, २६ ऑक्टोबर २००६ पासून तो लागू झाला. त्यातल्या कलम १८ खाली कोर्ट जेव्हा संपर्क करू नका म्हणतं, तेव्हा भेट, फोन, चिठ्ठी, मेसेज, सगळंच त्यात येतं. ही ऑर्डर मोडली तर कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आईंचे ‘अधूनमधून’चे फोन आणि मला लिहिलेली ती विनंती, दोन्ही मागच्या दाराने तिच्यापर्यंत पोचण्याचे मार्ग आहेत. तुम्ही सांगितलं नसेल, आई आपणहून करत असतील, तरी थांबवायचं तुम्हालाच आहे. ‘आई, कोपरीला फोन करू नकोस, त्याने माझं नुकसान होतं आणि तिला भीती वाटते’ असं तुम्ही आईला एकदा नीट बसून सांगा. वहीत लिहिण्यासारखी ही पहिली गोष्ट आहे, आणि ती आज संध्याकाळी होऊ शकते.

मॅडम तुमची बाजू ऐकत नाहीत, ही तक्रार मी बऱ्याच पुरुषांकडून ऐकते. तुमच्याशी दुष्टावा म्हणून त्या असं करत नाहीत. याच कायद्याचे २००६ चे नियम आहेत, त्यात समुपदेशनाची पद्धत घालून दिली आहे. केलेल्या हिंसेचं कुठलंही समर्थन समुपदेशनात चालणार नाही, आणि हे समोरच्याला सुरुवातीलाच सांगायचं, असं त्या नियमांत लिहिलं आहे. तुमचं दुःख, तुमची दगदग, साहेबांचा अपमान हे सगळं त्या ऐकतील, ऐकायलाच हवं. ‘म्हणून मी ढकललं’ हे मात्र त्या ऐकणार नाहीत. केसमधली तुमची बाजू वकिलामार्फत कोर्टापुढे मांडायची असते. तिथला तुमचा हक्क कुणी काढून घेतलेला नाही.

तुमच्या चार ध्येयांपैकी चौथं मी सगळ्यात आधी खोडते. ‘बायकोला लवकरात लवकर घरी आणणे.’ हे तुमच्या उपचाराचं ध्येय होऊ शकत नाही, कारण ते तिने काय करावं याबद्दल आहे. परत यायचं की नाही, कधी, कुठल्या अटीवर, हे तिचं तिने ठरवायचं. आणि त्यात एक फसगतही आहे. ती परत आली की ध्येय पूर्ण झालं, वही मिटली, बैठका बंद. ती आली नाही तर ‘मी एवढं केलं तरी आली नाही’ म्हणून पुन्हा राग. दोन्हीकडून तिचंच नुकसान. उपचाराची ध्येयं अशी हवीत की ती उद्या कायमची वेगळी झाली, तिने घटस्फोट घेतला, तरी तुम्ही ती तशीच पुरी कराल. ज्या माणसाला हे मान्य होत नाही त्याची सुरुवातच झालेली नाही, असं मी समजते. कठोर वाटेल, पण तुमच्यापासून लपवून उपयोग नाही.

मग उरतो राग. तीन महिन्यांत एकदाही राग आला नाही असं तुम्ही लिहिता. या तीन महिन्यांत ती घरात नव्हती. तुमच्या ताटात काय वाढलं, उशीर का झाला, कुणाचा फोन होता, यावर तुम्हाला ‘नाही’ म्हणणारं कुणी समोर नव्हतं. तेव्हा ही परीक्षा झालेलीच नाही.

त्या दिवशीचा राग रबाळ्याला सुरू झाला. साहेब बोलले तेव्हा तुम्ही मान खाली घालून ऐकलंत. गेटवर वॉचमनला काही बोलला नाहीत. शेअर रिक्षात बाजूचा माणूस अंगावर रेलला असेल, त्याला ढकललं नाहीत. बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये शेजाऱ्यांशी दोन शब्द नीट बोलला असाल. दाराचं लॅच आतून लागलं आणि मग हात उठला. एवढा वेळ, एवढ्या माणसांसमोर तुम्ही राग आवरलात, म्हणजे आवरता येतो. त्या वाटेवर तो कुणावर काढायचा नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं, आणि कुणावर काढला तरी चालतो हेही. ‘राग कमी करणे’ या ध्येयात हा दुसरा भाग येतच नाही. ध्यान जरूर करा, त्याने झोप सुधारेल. पण शांत डोक्याने बायकोला धाकात ठेवणारे पुरुषही असतात, आणि ध्यानाने त्यांची समजूत बदलत नाही.

तुमच्या पत्रात ती समजूत एका वाक्यात आली आहे : ‘तीही उलट बोलायला कमी करत नाही.’ हे वाक्य तुम्ही हिंसेच्या कबुलीला जोडूनच लिहिलंत. म्हणजे मनात कुठेतरी हिशेब आहे की उलट बोलणं एका पारड्यात आणि टाके दुसऱ्या पारड्यात. हा हिशेब तुमच्या एकट्याचा नाही. २०१९ ते २१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, काही ना काही कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे असं देशातल्या ४४ टक्के पुरुषांनी सांगितलं, आणि ४५ टक्के बायकांनीही. आपण सगळे त्याच हवेत वाढलो. आजूबाजूला, कदाचित स्वतःच्या घरात, तुम्ही हेच बघितलं असेल. पण हवा कुणाचीही असो, ढकलणारे हात तुमचे होते.

इथे मला आवर्जून सांगावंसं वाटतं की पुरुषांनी पुरुषांशी या विषयावर बोलायचं, हे आपल्याकडे नवीन नाही. हरीश सदानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत १९९३ साली ‘मावा’ ही संघटना उभी केली ती यासाठीच : बायकांवरची हिंसा हा पुरुषांचा प्रश्न आहे, आणि पुरुषांनी तो हातात घेतला पाहिजे. तुमच्या ओळखीत असा एक तरी पुरुष शोधा ज्याला तुम्ही सगळं खरं सांगाल आणि जो तुमची री ओढणार नाही. ‘जाऊ दे रे, बायका असतातच तशा’ म्हणणारा मित्र या कामाला चालत नाही.

तर वहीत पहिल्यांदा लिहायची ती ध्येयं नव्हेत. त्या रात्रीचा पूर्ण वृत्तांत लिहा. तुम्ही मेंटेनन्समध्ये आहात. प्लांटवर काही झालं की तुम्हीच अहवाल लिहीत असाल : किती वाजता, कोण कुठे उभं होतं, कुठलं गार्ड काढलं होतं, कुणी काढलं, आधी कुठले इशारे मिळाले होते. ‘मशीन तापलं होतं’ एवढं लिहून तिथे चालत नाही. त्याच शिस्तीने हेही लिहा, फक्त एवढं लक्षात ठेवून की हा अपघात नव्हता. कशावरून सुरुवात झाली. ती काय म्हणाली, जशीच्या तशी वाक्यं, तुमच्या शेऱ्याशिवाय. तिने तसं म्हटल्यावर तुमच्या मनात काय आलं. तुम्ही किती जोरात ढकललंत, ती पडल्यावर काय केलंत. दवाखान्यात कोण घेऊन गेलं, आणि डॉक्टरला काय सांगितलं : खरं, की ‘बाथरूममध्ये पाय घसरला’? मुलगी कुठल्या खोलीत होती? तिने काय ऐकलं? त्या रात्री ती जेवली का?

मग ‘चार-पाच वेळा हात उचलला असेल’ या ओळीचंही तसंच करा. एकेक प्रसंग आठवा, आठवत नसेल तर का आठवत नाही ते विचारा स्वतःला. ज्याला मार बसतो त्याला पुष्कळदा दिवस, साडीचा रंग, टीव्हीवर काय लागलं होतं, हेही आठवतं. हे लिहिताना लाज वाटेल. वाटू द्या, पण तिच्यातच बसून राहू नका. ‘मी किती वाईट’ म्हणून रडणारा माणूसही शेवटी समोरच्याला आपलंच सांत्वन करायला लावतो. लिहून मॅडमना वाचून दाखवा. तिला पाठवू नका, माफीची चिठ्ठी म्हणूनही नाही.

दुसरं काम मला याहूनही अवघड वाटतं, कारण त्यात तुम्हाला आपलं काही चुकलं असं वाटतच नाही. तिची नोकरी तुम्ही सोडायला लावलीत, ‘दगदग नको म्हणून’. तिचं एटीएम तुमच्याकडे होतं. पत्रात तुम्ही हे चांगुलपणाच्या बाजूला मांडलं आहे. मला ते टाक्यांच्याच बाजूला दिसतं. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ शहरात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एलन पेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार खाल्लेल्या बायकांशी बसून बोलून एक चाक रेखाटलं. जगभरचे समुपदेशक अजून ते वापरतात. त्यात मारहाण चाकाच्या धावेवर आहे, आणि आतल्या आऱ्यांमध्ये पैसा हातात ठेवणं, माहेर-मैत्रिणी तोडणं, धमकावणं, मुलांना मध्ये घालणं, ‘मी घरातला कर्ता’ म्हणून निर्णय घेणं, आणि ‘एवढं काही झालं नव्हतं’ असं म्हणत राहणं. रोजचं जगणं या आऱ्यांवर फिरतं. हात वर्षातून एकदा उठला तरी पुरतो, बाकीचे दिवस त्याच्या आठवणीवर चालतात. तिने ‘हो’ म्हटलं ते पटलं म्हणून, की मागचा मार आठवून, हे तुम्हाला इतक्या वर्षांत कधी तपासावं लागलं नाही.

ब्रिटनमध्ये निकोल वेस्टमारलँड आणि लिझ केली यांनी अशा उपचारांचा मोठा अभ्यास केला, त्याचा अहवाल २०१५ साली आला. उपचार यशस्वी झाला हे कशावरून ठरवायचं, हे त्यांनी बायकांनाही विचारलं. नुसता मार थांबला म्हणजे झालं, असं त्या म्हणाल्या नाहीत. माझ्याशी आदराने बोलणं, मला मोकळेपणी वागता येणं, मुलांना धास्ती न वाटणं, आपल्या वागण्याचा दुसऱ्यावर काय परिणाम होतो हे त्याला कळणं, असं त्यांनी सांगितलं. कार्यक्रम पूर्ण केलेल्या पुरुषांच्या घरी मारहाण खूपच कमी झाली, पण पैशावरची, जाण्यायेण्यावरची पकड तेवढी सुटली नाही. हात आवरणं त्यातल्या त्यात सोपं असतं, हक्क सोडणं जड जातं. म्हणून ‘तिला मोकळेपणी वागता येणं’ हे वहीत ठळक लिहा. ती आज तुमच्या घरात नसतानाही त्यावर काम होतं. तिचं एटीएम, पासबुक, आधार कार्ड, दागिने, शिक्षणाची कागदपत्रं घरात असतील तर वकिलामार्फत किंवा कोर्टाच्या मार्गाने तिला पोचवा, एकही मागे न ठेवता. कोर्टाने खर्चाची रक्कम ठरवली असेल तर ठरल्या तारखेला तिच्या खात्यात भरा, आणि भरली म्हणून कुणाकडे बोलून दाखवू नका. अजून ठरवली नसेल तरी मुलीच्या फीचं काय करायचं ते वकिलाला विचारा. तिने नोकरी धरल्याचं कानावर आलं तर त्यावर काहीही मत देऊ नका, आईसमोरसुद्धा.

‘नाही’ ऐकण्याचा सराव कुठे करणार, तर जिथे माणसं आहेत तिथे. आई भाजी वेगळी करते, हाताखालचा पोरगा तुमच्या पद्धतीने काम करत नाही, सोसायटीत कुणी गाडी आडवी लावतो. अशा वेळी अंगात काय होतं ते टिपून ठेवा : जबडा आवळतो, आवाज चढतो, मनात ‘हिची एवढी हिंमत’ असं काही येतं. हे वाक्य पकडता आलं पाहिजे, कारण हात त्याच्यामागून येतो. एक जुनं तंत्र समुपदेशक शिकवतात : अंगातली ही लक्षणं दिसली की सांगून बाजूला व्हायचं, तासभर चालून यायचं, दारू नाही, गाडी चालवणं नाही, आणि ठरल्या वेळेला परत येऊन बोलायचं. हे तंत्र शिका, पण त्याची एक अट पाळा. भांडण ऐन रंगात असताना दार आपटून निघून जाणं आणि दोन दिवस अबोला धरणं, याला हे तंत्र म्हणता येत नाही. ती शिक्षाच असते. आणि चालताना डोक्यात ‘ती कशी चुकली’ हेच घोळवलंत तर तासाने अधिकच पेटून परत याल.

दारूबद्दल थोडक्यात. ‘बरीच कमी’ हे ध्येय नाही. तुम्ही रोज आणि भरपूर पीत असाल तर एकदम सोडू नका, हातपाय थरथरणं, घाम, फिट येणं असं होऊ शकतं आणि ते जिवावर बेतू शकतं. सरकारी किंवा महापालिका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवून सोडा. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा ठाण्यात आणि नवी मुंबईत भरतात, पैसे लागत नाहीत. मात्र दारू सुटली की हिंसा आपोआप सुटेल असं धरून चालू नका. मघाच्याच पाहणीत, वरचेवर दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्यांच्या बायकांपैकी ७० टक्के बायकांनी नवऱ्याकडून हिंसा सोसली होती. पण ज्यांचे नवरे थेंबही घेत नाहीत त्यांतल्याही २३ टक्क्यांनी सोसली होती. दारूचा उपचार वेगळा आणि हिंसेचा वेगळा, दोन्ही बरोबरीने करायचे.

मुलीबद्दल तुम्ही ‘चौथीत आहे’ एवढंच लिहिलंत. वहीत तिला एक पूर्ण पान द्या. चौथीतल्या मुलीला सगळं कळतं. आईला लागलं ते तिने पाहिलं नसेल तरी ऐकलं असेल, आणि आपण काही केलं म्हणून हे झालं असंही ती समजत असेल. कोर्टाने पुढे भेटीची परवानगी दिली तर त्या भेटीत आईबद्दल एक शब्दही विचारायचा नाही : आई काय म्हणते, मामाकडे कोण येतं, कधी येणार, काही नाही. तिच्या हाती निरोप नाही, खेळण्यांचा ढीग नाही. ती बोलली नाही, जवळ आली नाही, तर ते सहन करणं हेच त्या दिवसाचं काम. आवाज चढला की ती दचकते का, हे बघत राहा. ते दचकणं थांबायला वर्षंही लागतील, आणि तिला घाई करायला सांगण्याचा अधिकार तुम्हाला नाही.

हे सदर वाचणाऱ्या काही जणींच्या घरी सध्या असाच कुणी समुपदेशनाला जात असेल. त्यांनाही इथेच सांगून ठेवते. तो बैठकांना जातो म्हणजे तुम्ही सुरक्षित झालात, असं समजू नका. २००४ साली अमेरिकेत अशा उपचारांवरचे २२ अभ्यास एकत्र करून बघितले, तेव्हा उपचारांचा परिणाम होतो पण तो लहान असतो, असं दिसलं. परत जायचं की नाही ते तुम्ही तुमच्या भीतीला विचारून ठरवा, त्याच्या हजेरीपत्रकाला नव्हे. त्याच्यासमोर, एकत्र बैठकीत, खरं बोलायची भीती वाटत असेल तर वेगळी बैठक मागा, कायद्यात तशी सोय आहे. आणि नवऱ्याने कधी गळा दाबला असेल, एकदाच, खूण उठली नसेल तरी, ते डॉक्टरला आणि पोलिसांना सांगाच. गळा दाबला गेलेल्या बाईचा पुढे त्याच माणसाच्या हातून जीव जाण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. महिला हेल्पलाइनचा फोन १८१, तातडीला ११२.

आता तुमचा ‘किती दिवस?’ हा प्रश्न. कॅलिफोर्नियात अशा गुन्ह्यात प्रोबेशनवर सुटलेल्या माणसाला ५२ आठवड्यांचा कार्यक्रम करावाच लागतो. आपल्या कायद्यात असा ठरलेला अभ्यासक्रम नाही. कलम १४ खाली कोर्ट समुपदेशनाला पाठवतं तेव्हा पुढची तारीख दोन महिन्यांच्या आत ठेवायची असते, आणि बहुतेकांना वाटतं की तेवढ्यात काम संपलं. बारा वर्षांची सवय चार-सहा बैठकांत जात नाही. तुम्ही निदान वर्षभराची तयारी ठेवा. मध्येच सोडून देणाऱ्यांच्या हातून पुन्हा हिंसा होण्याची शक्यता जास्त असते, हे या क्षेत्रात पुन्हा पुन्हा दिसून आलेलं आहे. आणि तुम्ही सुधारलात की नाही, हे तुम्ही किंवा आई किंवा मी ठरवू शकत नाही. ज्यांनी तुमची भीती बाळगली त्यांची भीती गेली का, एवढंच बघायचं. ते सांगायला त्या बांधील नाहीत, आणि सांगितलं नाही तरी तुम्हाला काम चालू ठेवायचं आहे.

पुढच्या बैठकीला जाताना त्या रात्रीचा वृत्तांत लिहून न्या, आईशी काय बोललात ते न्या, तिची कागदपत्रं पोचवल्याची पावती न्या. जुनं चार ओळींचं पान फाडू नका, ते वहीतच राहू द्या, मॅडमना नंतर त्याचा उपयोग होईल. आणि कोर्टाचं काम संपल्यावरही तिथे येत राहता येईल का, नसेल तर ठाण्यात किंवा नवी मुंबईत दुसऱ्या कुणाकडे जाता येईल, हे या वेळी त्यांना स्वतःहून विचारा.